साथीचा माणूस

‘विचिटा लाइनमन’ या गाण्याला तिसरं कडवं नाही. दोन कडवी होतात, आणि जिथे तिसऱ्याने यायचं तिथे शब्दांऐवजी तारा बोलू लागतात. खालच्या सप्तकातला, जाड तारांचा, किंचित थरथरणारा आवाज. त्यात करामत अशी काहीच नाही. गायकाने आत्ता म्हटलेली चालच तो सावकाश, एकेक सूर सुटा ठेवून म्हणतो आणि बाजूला होतो. हे गाणं मी इतक्या वेळा ऐकलं आहे, की पहिलं कडवं चालू असतानाच माझे कान त्या जागेकडे लागतात.

गाणं जिमी वेबचं, साल १९६८. त्याचं ‘बाय द टाइम आय गेट टू फीनिक्स’ ग्लेन कॅम्पबेलने आदल्याच वर्षी गाऊन गाजवलं होतं. आता तो फोनवर विचारत होता, तसंच एखाद्या गावाचं गाणं आणखी आहे का? वेब तेव्हा एकविशीतला पोरगा. ओक्लाहोमाच्या सपाट मुलखातून गाडी हाकताना त्याने टेलिफोनच्या खांबांची न संपणारी रांग पाहिली होती, आणि त्यातल्या एका खांबावर चढलेला, कानाला फोन लावून उभा असलेला एक कामगार. त्या एकट्या माणसाचं गाणं त्याने एका दुपारी रचलं, ‘अजून पुरं व्हायचंय’ असं सांगून धाडून दिलं, आणि बरेच दिवस उलट निरोप आला नाही तेव्हा आवडलं नसावं असं धरून चालला. पुढे भेट झाली तेव्हा कळलं, की मुद्रण कधीच होऊन गेलंय. ‘पण ते अपुरं होतं,’ वेब म्हणाला. ‘आता नाही,’ अशा अर्थाचं उत्तर त्याला मिळालं.

अपुऱ्या जागेसाठी कॅम्पबेल शब्दांची वाट पाहत बसला नव्हता. स्टुडिओत बास वाजवायला कॅरल के होती. तिच्याकडची डॅनइलेक्ट्रोची सहा तारी बास त्याने मागून घेतली आणि राहिलेलं कडवं वाजवून टाकलं. वेबच्या घरी एक ऑर्गन होता, त्याचा आवाज कॅम्पबेलला या गाण्यासाठी हवा होता. तर तो अवजड ऑर्गन उचलून स्टुडिओत आणवला. निर्माता अल डी लोरीने व्हायोलिनांना तारायंत्रासारखे तुटक सूर दिले. हे सगळं त्या तीन मिनिटांत आहे, आणि तरीही गाण्यात गर्दी नाही. विजेच्या तारेखाली उभं राहिल्यावर जेवढं मोकळं आकाश दिसतं, तेवढं ते मोकळं आहे.

स्वतःच्या नावाचं गाणं, हाताखाली वाद्य, समोर मोकळं सोडलेलं अख्खं कडवं. अशा वेळी वाजवणाऱ्याचा हात शिवशिवतो. आणि कॅम्पबेलचा हात तर असा होता, की त्या काळच्या अमेरिकेत त्याच्या वेगाला पुरून उरणारे थोडेच सापडले असते. बारा तारी गिटार, बँजो, मँडोलिन, बास, इतकंच काय स्कॉटिश बॅगपाइपसुद्धा त्याला वाजवता येई. तरी त्याने फक्त चाल वाजवली. जे गाणं म्हणत होतं तेच म्हटलं. ही साथीदाराची वृत्ती आहे. लाखो रेकॉर्डी खपल्यावरही, पडद्यावर, दूरचित्रवाणीवर, सगळीकडे नाव झाल्यावरही हा माणूस आतून साथीचाच राहिला, असं मला फार मनापासून वाटतं.

मी स्वतः अनेक वर्षं भावगीतांच्या कार्यक्रमांत तबल्याला बसलो आहे, म्हणून हे माझ्या नजरेत भरत असेल. एका कोजागिरीला, सोसायटीच्या गच्चीवर, एक वयस्कर बाई गात होत्या. आवाज अजून शाबूत होता. दुसऱ्या अंतऱ्याच्या तोंडाशी त्या थांबल्या. शब्द गेले. गेले ते गेलेच. मी ठेका सोडला नाही, आणि आमच्या पेटीवाल्या काकांनी मान वर न करता अंतऱ्याची पहिली ओळ पेटीवर म्हटली. अगदी बाईंच्या ढंगात, त्यांनी जिथे श्वास घेतला असता तिथे भाता हलका करून. दुसऱ्या ओळीला बाई अलगद आत आल्या. गच्चीवरच्या लोकांना तो ठरवून ठेवलेला तुकडाच वाटला असणार. काकांना नंतर मी काही बोललो नाही. साथीतल्या माणसांत अशा गोष्टींचे आभार मानत नाहीत.

कॅम्पबेलला हे शिक्षण फार लवकर मिळालं. आर्कान्सा राज्यात डिलाइट नावाचं गाव आहे, त्याच्या जवळच्या बिल्सटाउन वस्तीत २२ एप्रिल १९३६ला तो जन्मला. बारा भावंडांच्या घरातला सातवा मुलगा. बाप वाट्याने शेती करायचा. घरात वीज नाही. आपली शेती पुरत नसे तेव्हा सगळं कुटुंब दुसऱ्याच्या रानात कापूस वेचायला जाई, आणि शंभर पौंड कापसामागे सव्वा डॉलर हातात पडे. वऱ्हाडात ज्यांनी कापूस वेचला आहे त्यांना शंभर पौंड, म्हणजे पंचेचाळीस किलो, वेचायला बोटांचं काय होतं ते सांगायला नको. चार वर्षांचा असताना बू काकाने त्याला सीअर्सच्या दुकानातली पाच डॉलरची गिटार आणून दिली. नोटेशन तो तेव्हाही शिकला नाही आणि पुढेही नाही. रेडिओवर ऐकायचं आणि तारांवर शोधायचं. त्याचा लाडका वादक होता जँगो राइनहार्ट, आगीत भाजलेल्या डाव्या हाताच्या दोन धड बोटांवर सगळी सुरावट पेलणारा युरोपातला रोमा गिटारिया. आर्कान्साच्या शेतमजुराच्या पोराने त्याला गुरू मानावं, हे मला सुरांच्या प्रवासातलं फार मोठं नवल वाटतं.

चौदाव्या वर्षी शाळा सुटली. भावांबरोबर ह्यूस्टनला जाऊन घरांच्या भिंतींत उष्णतारोधक भरण्याची कामं केली. १९५४मध्ये न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीला नात्यातल्या डिक बिल्स यांच्या ‘सँडिया माउंटन बॉइज’ या ताफ्यात तो शिरला. नाचगाण्याचे अड्डे, रेडिओ, मुलांचा टीव्हीवरचा कार्यक्रम, जे असेल ते. १९६०मध्ये लॉस एंजेलिस गाठलं, आणि तिथे त्याला त्याचं खरं घर मिळालं: ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओतली मागची खुर्ची.

त्या खुर्चीविषयी थोडं थांबून बोललं पाहिजे. साठच्या दशकात लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंत वादकांचा एक सैलसर जथा होता, त्याला पुढे ‘रेकिंग क्रू’ हे नाव पडलं. ड्रमवर हॅल ब्लेन, बासवर कॅरल के किंवा जो ऑसबॉर्न, पियानोवर लिऑन रसेल, गिटारवर टॉमी टेडेस्को. तीन तासांचं एक सत्र, अशी दिवसाला दोन-तीन. सकाळी कुणा पॉप गायकाचं गाणं, दुपारी जाहिरात, रात्री सिनेमा. रेकॉर्डीच्या वेष्टनावर यांची नावं सहसा नसत. लोकांना वाटे, ज्या बँडचं नाव छापलंय त्यानेच हे सगळं वाजवलंय. आपल्याकडे मुंबईच्या सिनेस्टुडिओंत गोव्याहून आलेल्या वादकांनी हेच केलं. सेबॅस्टियन डिसूझा किंवा अँथनी गोन्साल्विस ही नावं रसिकांना कळायला किती वर्षं गेली! फरक एवढाच, की गोव्याची मंडळी चर्चच्या शाळेत नोटेशन घोटून आलेली, आणि कॅम्पबेलसमोर कागद ठेवला तर त्याला एक अक्षर वाचता येत नसे. शेजारच्याने एकदा वाजवलेलं तो ऐके, आणि दुसऱ्या खेपेला ते त्याचं होऊन बाहेर येई. एकट्या १९६३ सालात तो ५८६ गाण्यांत वाजला असं सांगितलं जातं. एल्विस प्रेस्लीचं ‘व्हिवा लास वेगास’, रायचस ब्रदर्सचं ‘यूव्ह लॉस्ट दॅट लव्हिन फीलिन’, बीच बॉइजचा ‘पेट साउंड्स’, फ्रँक सिनात्राचं ‘स्ट्रेंजर्स इन द नाइट’... या सगळ्यांत कुठेतरी तो आहे. सिनात्राच्या वेळची गोष्ट तो स्वतः सांगायचा. गिटार वाजवताना त्याची नजर सिनात्रावरून हलेना. शेवटी सिनात्रानेच निर्मात्याला विचारलं, हा कोण सारखा माझ्याकडे बघतोय?

मला त्या बघण्यात नुसतं एका चाहत्याचं भारावणं दिसत नाही. साथीला बसणारा गायकाच्या तोंडाकडे बघतोच. श्वास कुठे घेणार, शब्द कुठे ओढणार, हे ओठांवर आधी दिसतं आणि कानाला मागून कळतं. सिनात्राएवढं चांगलं विद्यापीठ त्याला कुठे मिळणार होतं?

१९६४च्या डिसेंबरात बीच बॉइजच्या ब्रायन विल्सनला विमानातच घबराटीचा झटका आला आणि दौरे करणं अशक्य झालं. बदली म्हणून कॅम्पबेल गेला. बास वाजवायची आणि वरच्या पट्टीतले विल्सनचे सूरही म्हणायचे, दोन्ही एकदम. विल्सनच्या आवाजाची ती खिडकी फार उंचावर होती. मार्चपर्यंत त्याने ती उघडी ठेवली आणि मग परत स्टुडिओत येऊन खुर्चीवर बसला.

त्याचं स्वतःचं नाव झालं तेही साथीदाराच्या रीतीने. १९६७मध्ये रेडिओवर जॉन हार्टफर्डचं ‘जेंटल ऑन माय माइंड’ त्याने ऐकलं आणि जथ्यातल्या मित्रांना जमवून त्याचा कच्चा नमुना मुद्रित केला. गाता गाता तो त्यांना सूचना करत होता, आता तू ये, आता इथे बदल. ती ध्वनिफीत त्याने डी लोरीकडे ठेवून दिली. डी लोरीने मधली बोलणी कापली, बाकी सगळं तसंच ठेवलं, आणि तीच रेकॉर्ड म्हणून बाजारात आली. ज्या गाण्याने ग्लेन कॅम्पबेल अमेरिकेला कळला ते असं, मित्रांना खुणा करता करता झालेलं आहे. त्या वर्षाच्या ग्रॅमी पुरस्कारांत त्याने कंट्री आणि पॉप अशी दोन्ही दालनं गाठली आणि चार पुरस्कार नेले.

पुढची वर्षं झरझर सांगून टाकतो, कारण ती सगळ्यांना ठाऊक आहेत आणि मला तिथे थांबावंसं वाटत नाही. १९६९ ते १९७२ सीबीएसवर त्याचा ‘गुडटाइम अवर’. १९६९मध्येच जॉन वेनबरोबर ‘ट्रू ग्रिट’. ‘गॅलव्हेस्टन’. १९७५चं ‘ऱ्हाइनस्टोन काउबॉय’, १९७७चं ‘सदर्न नाइट्स’, दोन्ही कंट्रीच्या आणि पॉपच्या यादीत पहिल्या क्रमांकावर. मग दारू, कोकेन, मोडलेले संसार, वर्तमानपत्रांचे मथळे. १९८२मध्ये किमशी लग्न झालं, त्यानंतर तो बराच सावरला. २००३मध्ये पुन्हा पिऊन गाडी चालवताना पकडला गेला आणि दहा रात्री तुरुंगात काढल्या. २००५मध्ये कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेमने त्याला आपलं म्हटलं.

कर्मठ कंट्रीवाल्यांना तो कधीच पुरता पटला नाही. नॅशव्हिलचा नाही, हॉलिवूडचा; मातीपेक्षा व्हायोलिनं जास्त. मला हा आक्षेप अन्यायाचा वाटतो. ‘गॅलव्हेस्टन’मधला दूर देशी पाठवलेला शिपाई, खांबावरचा तो लाइनमन, हे कापूस वेचून मोठ्या झालेल्या माणसाचे सोयरे आहेत. व्हायोलिनं कितीही असोत, घर सोडून कामाला लागलेल्या माणसाची कळ त्याच्या आवाजात उसनी नव्हती. आणि एक लक्षात घ्यावं: ही गाणी त्याची नव्हेत. हार्टफर्डचं, वेबचं, लॅरी वाइसचं, ॲलन टूसाँचं. तो गाणी लिहीतच नसे असं नाही, पण ज्यांच्यावर त्याचं नाव उभं राहिलं ती बहुतेक दुसऱ्यांनी लिहिलेली. वेब तर चौदाव्या वर्षी कॅम्पबेलची ‘टर्न अराउंड, लुक ॲट मी’ ही रेकॉर्ड ऐकून त्याच्यासाठी गाणी लिहायची स्वप्नं बघणारा मुलगा. लिहिणारा आणि गाणारा एकमेकांना असे सापडले, की वेबचं वाक्य कुठे संपतं आणि कॅम्पबेलचा श्वास कुठे सुरू होतो ते कळू नये.

२०११च्या जूनमध्ये त्याने जाहीर केलं, की आपल्याला अल्झायमर आहे. ‘घोस्ट ऑन द कॅन्व्हस’ हा अल्बम आला आणि निरोपाचा दौरा ठरला. पाच आठवड्यांचा म्हणून निघालेला दौरा वाढत वाढत दीडशेच्या आसपास कार्यक्रमांवर गेला. जेम्स कीचने त्यावर ‘आय’ल बी मी’ हा माहितीपट केला. त्यात डॉक्टर त्याला चार शब्द लक्षात ठेवायला सांगतात आणि थोड्या वेळाने विचारतात. त्याला एकही आठवत नाही. तो हसून विषय टाळतो. आणि त्याच चित्रपटात, त्याच दिवसांत, तो मंचावर उभा राहून असा गिटार वाजवतो की हात पाठांतरावर चालत नाहीत हे स्वच्छ दिसतं. हात त्या क्षणाचं ऐकून ठरवतात.

त्या दौऱ्यावरच्या ताफ्यात त्याची तीन मुलं होती. शॅनन गिटारवर, कॅल ड्रमवर, आणि ॲशली बँजो व कीबोर्डवर. समोर पडद्यावर शब्द फिरत असत. नुकतंच म्हटलेलं गाणं तो पुन्हा सुरू करू पाही; सांगितलेली गोष्ट पुन्हा सांगे. अशा वेळी तो वळून मुलीकडे बघतो. ते बघणं मी पुन्हा पुन्हा पाहिलं. मान थोडी कलती, भुवया वर, ओठांवर अर्धं हसू. ॲशली काही बोलत नाही, किंवा दोनच शब्द बोलते, आणि बोटं चालू ठेवते. मग दोघं समोरासमोर येतात ते ‘ड्युएलिंग बँजोज’साठी. ती बँजोवर एक तुकडा टाकते, तो गिटारवर परतवतो. वेग वाढत जातो. तो तिच्या बोटांकडे बघत असतो, ती त्याच्या चेहऱ्याकडे. सिनात्राच्या तोंडाकडे टक लावून बसणारा तो गिटारिया आता दुसऱ्या बाजूला उभा होता. त्याच्या ओठांवर श्वास शोधणारी त्याची लेक होती.

अशा अवस्थेतल्या माणसाला लोकांपुढे उभं करावं का, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला. विचारणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. पण मला वाटतं, घरच्यांनी केलं तेच बरोबर. घरात त्याला न्हाणीघराचं दार सापडेना झालं होतं. मंचावर, मुलांच्या मधोमध, त्याला सम सापडत होती. जिथे माणूस अजून स्वतःचा आहे तिथून त्याला आपण होऊन का उठवायचं? शेवटी शेवटी तेही जमेना. ३० नोव्हेंबर २०१२ला कॅलिफोर्नियातल्या नापा इथे शेवटचा कार्यक्रम झाला. तो ओढाताणीचा होता आणि चित्रपटाने ते लपवलेलं नाही.

जानेवारी २०१३मध्ये, रेकिंग क्रूमधले काही जुने सोबती जमवून, त्याने एक गाणं मुद्रित केलं: ‘आय’म नॉट गॉना मिस यू’. त्याने आणि ज्युलियन रेमंडने मिळून लिहिलेलं. सगळे इतकी काळजी का करताहेत, मला थोडीच कुणाची आठवण येणार आहे, असं तो बोलून गेला होता. त्या बोलण्यातून गाणं निघालं. बायकोला उद्देशून म्हटलेलं ते गाणं ऐकवत नाही इतकं खरं आहे. जन्मभर दुसऱ्यांचे शब्द वाहणाऱ्या माणसाला अगदी आपले असे शब्द मिळाले ते शब्द सुटत चालले असताना. ऑस्करसाठी त्याचं नामांकन झालं, २०१५मध्ये उत्तम कंट्री गीताचं ग्रॅमी मिळालं. तोवर तो सेवागृहात होता.

दौऱ्यानंतर आणखी एक काम झालं होतं. १९७२मध्ये कार्ल जॅक्सन नावाचा अठरा वर्षांचा बँजोवादक त्याच्या ताफ्यात आला होता आणि बारा वर्षं राहिला होता. ‘आदियोस’ हा कॅम्पबेलचा शेवटचा अल्बम त्या जॅक्सनने केला. कॅम्पबेलला गाणी आवडीची होती, चाली आत कुठेतरी होत्या, शब्द बहुतेक गेले होते. जॅक्सनने आधी स्वतःच्या आवाजात गाणी मुद्रित केली, ती ऐकवली, सराव करवला, मग एकेक ओळ समोर धरून म्हणवून घेतली. अल्बम २०१७च्या जूनमध्ये आला. ८ ऑगस्टला, नॅशव्हिलमध्ये, एक्याऐंशीव्या वर्षी ग्लेन कॅम्पबेल गेला. त्याला पुरलं बिल्सटाउनला, घरच्या मातीत.

पुढच्याच वर्षी एक वेगळी रेकॉर्ड निघाली. १९६४ ते १९६८च्या दरम्यान बेन वाइसमन आणि सिड वेन हे गीतकार एल्विस प्रेस्लीसाठी गाणी रचत, आणि एल्विसला ती कशी म्हणायची याचा अंदाज यावा म्हणून नमुना मुद्रणं करत. त्यांतली अठरा जपून राहिली होती. गाणारा कॅम्पबेल होता. एल्विसच्या पट्टीत, एल्विसच्या ढंगात, स्वरांना तोच झोल देऊन, जेणेकरून एल्विसला नुसतं ऐकून उचलता यावं. मिळाली तर ती ऐकावीत. मी ऐकली तेव्हा हा ‘लाइनमन’वाला आवाज आहे हे कानाला पटायला दोन-तीन गाणी जाऊ द्यावी लागली.